टायरमधील दाबाचे जुने सेन्सर

प्रश्न : न्यू जर्सीत माझ्याकडे २००९ ची टोयोटा कोरोला आहे. टायरमधील हवा योग्य असूनही गाडी सुरू करताच टायरच्या दाबाचा दिवा मिनिटभर लुकलुकतो आणि मग तसाच राहतो. एकच सेन्सर बदलावा का?

उत्तर : असा दिवा हवा कमी झाल्याचे नव्हे, तर यंत्रणेतील बिघाडाचे लक्षण असते. सेन्सरमधील बंदिस्त बॅटरी साधारणतः ५ ते १० वर्षे टिकते आणि एक संपली की उरलेल्याही संपत आलेल्या असतात. म्हणून नवे टायर बसवतानाच चारही सेन्सर बदलावेत, म्हणजे टायर पुन्हा उतरवण्याची मजुरी वाचते. अमेरिकेतील या गाडीला ३१५ मेगाहर्ट्झ या रेडिओ-वारंवारतेवर संदेश पाठवणारेच सेन्सर लागतात. प्रत्येक सेन्सरचा ओळख-क्रमांक स्कॅनरने गाडीच्या संगणकात नोंदवावा लागतो. केवळ रीसेटचे बटण दाबून हे काम होत नाही. तोवर टायर थंड असताना गेजने दाब अवश्य तपासत राहा.