बीएस्सी अ‍ॅग्रीसाठी घराजवळचं खासगी कॉलेज घ्यावं, की अकोल्याचं विद्यापीठाचं?

"कागद दोन्हीकडचा सारखाच," असं तुमच्याही घरी कुणीतरी म्हणालंच असेल. आमच्याकडे काका म्हणाले होते. आणि ते खोटं नव्हतं, हीच पंचाईत. कॉलेज घटक (विद्यापीठाचं स्वतःचं) असो की संलग्न (विद्यापीठाला नुसतं जोडलेलं), पदवी विद्यापीठच देतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, या चार कृषी विद्यापीठांपैकी एकाचा शिक्का. अभ्यासक्रमही तोच. म्हणून मला अकोला सोडायला लावून घरापासून १२ किलोमीटरवरच्या खासगी कॉलेजात घातलं. घरचा डबा, गाडीनं ये-जा.

इमारत झकास होती. प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजची शेती, मात्र फलकावरच. अर्धं रान कुणाला तरी बटईनं दिलेलं. डोळा भरण्याचं (एका झाडाचा डोळा दुसऱ्या रोपाच्या सालीत बसवून कलम करण्याचं) प्रात्यक्षिक म्हणजे ६० जण, एक रोप, एक चाकू. सरांनी भरला, आम्ही मुंडक्यांच्या फटीतून पाहिला आणि जर्नलमध्ये आकृती काढली. आकृतीला मला १० पैकी ९.

मग सातव्या सेमिस्टरला रावे, म्हणजे गावात राहून शेतकऱ्यांसोबत कामाचा अनुभव घ्यायचा. गाव वरूडकडचं, संत्र्याचं. एका नर्सरीत जंबेरी लिंबाच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे भरणं चाललेलं. तिथल्या आजीनं कौतुकानं चाकू माझ्या हातात दिला, "कालेजातलं पोरगं हाय, पाहू." पहिला छेद साल सोडून लाकडात गेला. दुसऱ्यांदा डोळाच फाटला. तिसरा जमला म्हणून पट्टी बांधायला घेतली, तर तो उलटा बसलाय हे आजीला दिसलं. ती काही बोलली नाही. चाकू घेतला, पदराला पुसला आणि बोलता बोलता चार खुंट भरून मोकळी.

काका आजही विचारतात, "नोकरी लागली ना?" लागली, आयबीपीएसमधून, बँकेत कृषी अधिकारी म्हणून. तिथं डोळा भरावा लागत नाही, म्हणून आपण जिंकलो असं त्यांना वाटतं.

तर, मिळत असेल तर डोळे झाकून अकोला. पीकेव्ही हायब्रीड-२ कापूस जिथं तयार झाला, तिथं शिकायचं सोडून डब्यासाठी घरी काय राहता! पर्सेंटाइल पुरत नसेल तर पर्याय भरण्याआधी खासगी कॉलेजात एक चक्कर मारा. प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसू नका, शेतावरच्या मजुराला विचारा: मागच्या हंगामात काय पेरलं, माल कुठं विकला? पीजीला किती पोरं लागली हे विचाराल तेव्हा आकडा नको, नावं मागा.

सगळी खासगी कॉलेजं तशी नसतात, हेही खरं. माझ्या एका मित्राच्या कॉलेजात पॉलीहाऊसचा माल पोरंच विकायची. आणि घटक कॉलेजांतही प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या असतातच. पण चार वर्षांचं पेट्रोल धरलं तर मला हॉस्टेल महाग पडलं नसतं. हा हिशोब मी काकांना दोनदा लिहून दाखवलाय.