तेजोमेघ की अभ्रिका?

प्रश्न असा आला आहे: ‘नेब्युला’ला, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाला, मराठीत तेजोमेघ म्हणायचे की अभ्रिका? आणि देवयानीला (अँड्रोमेडा) कुठे तेजोमेघ तर कुठे दीर्घिका (गॅलेक्सी, म्हणजे ताऱ्यांची प्रचंड वस्ती) म्हटलेले असते, त्यातले बरोबर काय?

आधी उत्तर देतो. सगळ्या प्रकारांना मिळून अभ्रिका म्हणावे. त्यांतल्या ज्यांचा वायू स्वतः प्रकाशतो, त्यांना तेजोमेघ म्हणायला हरकत नाही. देवयानी तारकासमूहातली एम ३१ (मेसियेच्या यादीतली ३१ वी वस्तू) मात्र या दोन्हींत बसत नाही, ती दीर्घिकाच.

लॅटिन ‘नेबुला’ म्हणजे धुके, ढग. संस्कृत ‘नभस्’ त्याच कुळातला. त्यात तेजाचा उल्लेख नाही. अभ्र म्हणजे ढग (आपले ‘आभाळ’ त्यातूनच आले) आणि अभ्रिका म्हणजे लहानसे अभ्र. पर्शियन खगोलशास्त्रज्ञ अल-सूफीने ९६४ च्या सुमारास, दुर्बीण नसतानाच्या काळात, देवयानीतला अंधूक ठिपका ‘छोटा ढग’ म्हणूनच नोंदवला होता. हिंदीतली नीहारिकाही धुक्यावरूनच आली, नीहार म्हणजे धुके.

तेजोमेघ हा शब्द देखणा आहे, यात वाद नाही. तेजस् + मेघ अशी फोड होते, म्हणून मनोरंजन, तपोवन यांच्यासारखा ‘ओ’ येतो. ‘तेजमेघ’ हे चूक. पण हा शब्द काळ्या ढगापाशी अडतो. मृगातली घोड्याच्या डोक्याच्या आकाराची अभ्रिका काळी आहे. मागच्या उजळ वायूवर धुळीचा पडदा आल्यामुळेच ती दिसते. तिला ‘कृष्ण तेजोमेघ’ म्हणणे म्हणजे काळा उजेड म्हणण्यासारखे आहे. ‘कृष्ण अभ्रिका’ म्हटले की अडचण मिटते.

दोन्ही प्रकार शेजारी शेजारी बघायचे असतील तर एम ४२ कडे बघावे. मृगाच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या थोडे दक्षिणेला ती आहे, अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. ६ इंची दुर्बिणीतून ५० पट वर्धनाला मधोमध चार तारे सुटे दिसतात, त्यांच्याभोवती राखाडी-हिरवट पंख पसरलेले असतात आणि एका बाजूने काळी खाच थेट त्या ताऱ्यांच्या दिशेने आत घुसलेली असते. पंख म्हणजे तेजोमेघ, खाच म्हणजे कृष्ण अभ्रिका. छायाचित्रातला गुलाबी रंग डोळ्याला दिसत नाही, कारण मंद उजेडात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी काम करत नाहीत. ‘तेज’ ऐकून आलेला नवखा इथेच हिरमुसतो. त्याला आधीच सांगावे: २० ते ३० मिनिटे अंधारात डोळे सरावू द्या, विजेरी लाल ठेवा आणि थेट न बघता नजर जरा बाजूला ठेवून बघा.

शब्द नेमका हवा, याचे दुसरे कारण अगदी व्यवहारातले आहे. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये कालेय समूहातल्या एका अभ्रिकेचा वर्णपट पाहिला, तर सलग पट्ट्याऐवजी मोजक्याच तेजस्वी रेषा निघाल्या, म्हणजे तो विरळ वायू होता. त्यातल्या ठळक रेषा ऑक्सिजनच्या, ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटरच्या. दुर्बिणीला लावायचा ‘ओ-थ्री’ फिल्टर तेवढाच प्रकाश आत सोडतो. त्यामुळे तेजोमेघ काळ्या पार्श्वभूमीवर उठून दिसतो. तोच फिल्टर दीर्घिकेला लावला तर ती आणखी मंदावते, कारण तिचा प्रकाश ताऱ्यांचा, सगळ्या रंगांत विखुरलेला. कृत्तिकांभोवतीच्या धुळीचेही तसेच: ती ताऱ्यांचा उजेड नुसता परतवते, म्हणून परावर्ती अभ्रिका. ‘देवयानी तेजोमेघ’ असे वाचून कोणी फिल्टर लावला तर हाती काही लागणार नाही.

देवयानीचे नाव बदलले ते अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ एडविन हबलमुळे. १९२३ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेच्या १०० इंची दुर्बिणीवर त्याला तिच्यात एक सेफीड प्रकारचा तारा सापडला. त्याच्या प्रकाशातल्या चढउतारांच्या कालावधीवरून अंतर काढता आले आणि ही आपल्या आकाशगंगेबाहेरची स्वतंत्र ताऱ्यांची वस्ती आहे हे ठरले. आजच्या मोजमापानुसार ती सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. जुन्या लिखाणातले ‘देवयानी तेजोमेघ’ हे त्याआधीच्या समजुतीचे अवशेष. ‘देवयानी आकाशगंगा’ही टाळावे, आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचे विशेषनाम आहे.

सर्वांत फसवा शब्द म्हणजे ‘ग्रहीय तेजोमेघ’. त्याचा ग्रहांशी काही संबंध नाही. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलला ही गोल बिंबे त्या ग्रहासारखी भासली, म्हणून १७८५ मध्ये हे नाव पडले. खरे तर ती मरणाऱ्या ताऱ्याने बाहेर टाकलेली कवचे आहेत. ‘बिंबाभ्रिका’ हा शब्द दिसते तेवढेच सांगतो, म्हणून तोच घ्यावा. स्वरमंडलातली एम ५७ कंकणाकृती बिंबाभ्रिका म्हणून दाखवली की बघणाऱ्याला ग्रह शोधत बसावे लागत नाही.

लिहिताना लिंग सांभाळावे: तो तेजोमेघ, तेजोमेघात, ती अभ्रिका, अभ्रिकेत, अनेक अभ्रिका. तारकासमूह (ताऱ्यांची कल्पिलेली आकृती: मृग, सिंह) आणि तारकागुच्छ (ताऱ्यांचा खरा पुंजका: कृत्तिका, पुष्य) यांचीही सरमिसळ नको. अभ्रिका, दीर्घिका, तारकागुच्छ या सगळ्यांना मिळून वापरतात त्या ‘डीप स्काय’ला ‘खोल आकाश’ म्हणू नये; मराठीत आकाश उंच असते, खोल नसते. ‘दूरस्थ खगोलवस्तू’ चालेल, आणि बोलताना ‘डीप स्काय’ही.