वीज गेल्यानंतर ड्राइव्हवर ‘फाउंड.०००’ फोल्डर आलाय, आत .सीएचके फाइली आहेत. डिलीट करू का?

करा, पण लगेच नको.

फाइल लिहिली जात असताना वीज गेली की मजकूर डिस्कवर पोचलेला असतो, पण तो कोणत्या फाइलचा याची नोंद अर्धवट राहते. पुढच्या वेळी विंडोज सुरू होताना चेकडिस्क या डिस्क तपासणाऱ्या सोयीला हे बेवारस तुकडे सापडतात आणि ती त्यांना फाइल००००.सीएचके, फाइल०००१.सीएचके अशी नावं देऊन या लपवलेल्या फोल्डरात टाकते. आत काहीही असू शकतं: फोटो, पत्र, ब्राउझरचा कचरा. बहुतेकदा कचराच.

त्यामुळे आधी तुमचं काही खरंच हरवलंय का ते बघा. त्या वेळी उघडी असलेली फाइल आता नीट उघडत असेल, तर तुकड्यांत वेळ घालवू नका. वर्डमध्ये काम चाललं होतं? मग त्याची ऑटोरिकव्हर, म्हणजे काम चालू असताना वर्डने आपोआप ठेवलेली प्रत, आधी तपासा. तिथे मजकूर मिळायची शक्यता जास्त.

तरीही शोधायचंच असेल तर फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा आणि त्या कॉपीवरच काम करा. मी मोठ्या आकाराच्या फाइली आधी घेतो. ४ केबीच्या तुकड्यांत हाती लागण्यासारखं फारसं नसतं. तुकडा नोटपॅडमध्ये उघडला की अगम्य चिन्हं दिसतील, पण आपल्याला फक्त सुरुवात वाचायची आहे. टक्क्याचं चिन्ह आणि पुढे पीडीएफ ही इंग्रजी अक्षरं असली तर ती पीडीएफ. सुरुवातीच्या अक्षरांत जेएफआयएफ किंवा एक्झिफ दिसलं तर जेपीईजी फोटो. एमझेड म्हणजे प्रोग्राम, तो सोडून द्या. पीके असेल तर झिप, पण नव्या वर्ड-एक्सेलच्या फाइलीही आतून झिपच असतात (पीके ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं). ओळख पटली की .सीएचके काढून योग्य एक्स्टेन्शन लावा.

उघडेलच असं नाही. अर्ध्या जेपीईजीचा निदान वरचा भाग दिसतो. झिपची अनुक्रमणिका मात्र शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलेली वर्ड फाइल सहसा उघडतच नाही. वर्डचं ‘ओपन अँड रिपेअर’ एकदा वापरून बघा. साधा मजकूर असेल तर नशीब, जेवढा आहे तेवढा सरळ वाचता येतो.

आठवडाभर काही कमी पडलं नाही तर फोल्डर बेलाशक उडवा. पण वीज न जाताही असा नवा फोल्डर उगवला, तर डिस्कच बिघडत असू शकते. तेव्हा सगळं सोडून पहिल्यांदा बॅकअप घ्या.