'डिलिव्हर्ड'ला 'पोचले' म्हणावे का?

वरूडजवळच्या गावातले एक भाऊ मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित, म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हरवर मिळून चालणाऱ्या, सोशल नेटवर्कच्या ॲपचे मराठीकरण करताहेत. पोस्टच्या स्थितीत 'डिलिव्हर्ड'साठी 'वितरित', 'पोहोचले' की 'पोचले' लिहायचे, असा त्यांचा प्रश्न. वर पुस्ती: "आमच्याकडे तर सारे 'मेसेज भेटला' म्हणतात, ते चालेल का?"

'वितरित' आधी काढून टाका. अनुदान 'वितरित' झाल्याची बातमी वाचून बँकेत जाऊन आलेल्या शेतकऱ्याला या शब्दाची ओळख नव्याने करून द्यायला नको. तिजोरीतून पैसा निघाला एवढेच तो सांगतो, खात्यात पडला की नाही ते नाही. 'पोहोचणे' आणि 'पोचणे' दोन्ही रूढ आहेत; पडद्यावर जागा कमी, म्हणून 'पोचणे' घ्या. पण माझी हरकत वेगळीच आहे. इथे 'पोचले' म्हणायचा आपल्याला अधिकारच नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवणारा नि घेणारा एकाच छपराखाली. दोन खुणा दिसल्या की समोरच्याच्या फोनपर्यंत मेसेज गेला. मॅस्टोडॉनवर सर्व्हर ज्याचा त्याचा. ॲक्टिव्हिटीपब म्हणजे अशा सर्व्हरांनी आपसात कसे बोलायचे याची नियमावली; वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ साली तिची शिफारस केली. तिच्याप्रमाणे आपला सर्व्हर पोस्टची प्रत दुसऱ्या सर्व्हरच्या इनबॉक्समध्ये टाकतो. पलीकडे मॅस्टोडॉन असेल तर उत्तरादाखल एक ठरलेला आकडा येतो, २०२. म्हणजे 'घेतले', पुढे त्याचे काय केले, ते त्यात नसते. शिवाय एका सर्व्हरवर आपले पन्नास अनुयायी असले तरी प्रत बहुधा एकच जाते, सामायिक इनबॉक्समध्ये. कुणाच्या नजरेस पडली, कुणी आपल्याला म्यूट करून ठेवले आहे, काही कळत नाही.

आता तहसिलीत अर्ज द्यायला निघालेला माणूस आठवा. घरातला म्हातारा उंबऱ्यातच बजावतो, "पोच घेजो बरं!" तिथला बाबू आवक रजिस्टरात नोंद करतो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारतो, सही-तारीख टाकतो. ती पोच. साहेबांनी अर्ज वाचला, असा अर्थ त्या शिक्क्यातून आपल्याकडे कुणीही काढत नाही. २०२ साठी याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही. 'पोचले' म्हटले की पोस्टबद्दल दावा होतो. 'पोच मिळाली' म्हटले की आपल्या हाती जेवढे आले तेवढेच सांगून होते.

(फक्त उलट बाजूला नुसते 'पोच नाही' लिहू नका. ते समोरच्याच्या अकलेबद्दल वाटेल. 'पोच आली नाही' असे पूर्ण लिहा.)

पलीकडचा सर्व्हर बंद असेल तर 'वाटेत' लिहायचा मोह होईल. संत्र्याचा ट्रक वरूडहून सुटला, बिल्टी हाती आली, की माल खरोखरच वाटेत असतो. इथे पोस्ट आपल्याच सर्व्हरवर पडून असते आणि तो वाढत्या अंतराने पुन्हा पुन्हा दार ठोठावत राहतो. म्हणून 'रांगेत'. शेवटी त्याने नाद सोडला तरी 'परत आले' नको. न पोचलेल्या ईमेलचा निरोप तरी परत येतो. इथे तुमच्याकडे काहीच येत नाही. आणि सगळ्यांसाठी मिळून एकच खूण पुरायची नाही. '९ पैकी ७ सर्व्हरची पोच आली, २ रांगेत' असे काही दाखवता आले तर बघा.

राहिला 'भेटला'. 'माणसे भेटतात, वस्तू मिळतात' असा धडा पुण्याकडून येईलच. मनावर घेऊ नका. आपल्याकडे पगार भेटतो, एसटी भेटते, हरवलेली बैलजोडीही भेटते. अडचण प्रमाणभाषेची नाहीच. "मले भेटला" हे ज्याच्या हाती पडला तोच म्हणू शकतो. पाठवणाऱ्याच्या पडद्यावर ॲपने ते परस्पर कसे म्हणायचे? तो शब्द समोरच्यालाच टाइप करू द्या: "भेटला भाऊ, राती वाचतो."