होडीतला विज्ञानाचा तास

प्रश्न : आमची शाळा सांगोला तालुक्यात आहे. नववीच्या मुलांना जानेवारीत मालवणला न्यायचं घाटतंय. बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नाही. होडीतून नुसती चक्कर न होता मुलांच्या हातून काही प्रयोग व्हावेत असं वाटतं. साहित्य जवळजवळ नाही, आणि पालक पाण्याला घाबरतात. काय करावं?
— एक विज्ञानशिक्षक, जि. सोलापूर

उत्तर : सर, आधी कार्यक्रमातून डॉल्फिन काढा. दिसले तर बघाच, पण त्यांच्यामागे होडी पळवण्यात सकाळ जाते आणि वहीत उतरतं फक्त ‘डॉल्फिन दिसले’. त्यापेक्षा मालवणजवळ देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, ती खाडी धरा. आत पाणी संथ असतं, दोन्ही काठ नजरेत राहतात. पालकांना हे सांगितलं की निम्मी भीती जाते.

तारीख रविवार बघून नको, तिथी बघून ठरवा. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चतुर्दशीला साडेदहा. हा हिशेब मुंबईकडचा. मालवणात भरती थोडी आधी लागते, म्हणून नेमकी वेळ तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला विचारा. चढत्या पाण्यात आठच्या सुमारास निघा, म्हणजे होडी वाळूत रुतायची नाही.

प्रयोग दोनच करा, पण दोन ठिकाणी : एकदा मुखाजवळ, एकदा आत कांदळवनापाशी. जानेवारीत नदीला जोर नसतो, खारं पाणी बरंच आत शिरतं. त्यामुळे फरक दिसायला होडी जरा लांबवर न्यावी लागेल.

पहिला प्रयोग गढूळपणाचा. वीस सेंटीमीटरची पत्र्याची गोल थाळी घ्या, चार भाग करून आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवा. मधल्या भोकातून दोरी, खाली जाळ्याला लावतात ती शिशाची वजनं, दोरीला दर दहा सेंटीमीटरवर गाठ. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा. थाळी दिसेनाशी झाली ती गाठ आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती गाठ, यांची सरासरी काढा. हिला सेक्की चकती म्हणतात. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरूने 1865 मध्ये पोपच्या जहाजावरून अशा पांढऱ्या चकत्या सोडून पाहिल्या होत्या. आज उपग्रह आहेत, तरी चकती काही अडगळीत गेलेली नाही.

दुसरा प्रयोग प्लवकांचा, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा. तारेच्या कड्याला जुन्या तलम व्हॉइलच्या कापडाचा निमुळता शंकू शिवा, टोकाला लहान बाटली बांधा. होडी अगदी सावकाश चालवायला सांगून पाचेक मिनिटं ओढा. वर काढल्यावर जाळीवर बाहेरून पाणी ओता, म्हणजे आत चिकटलेलं सगळं बाटलीत उतरेल. बाटली सावलीत ठेवा. फोल्डस्कोप हे घडीच्या कागदाचं सूक्ष्मदर्शक सुमारे 140 पट मोठं दाखवतं, तेवढं पुरे. झटके देत पळणारे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या गोतातले इवलेसे जीव दिसतील. नशीब असेल तर कुर्लीचं (खेकड्याचं) पिल्लूही : मोठे डोळे, डोक्यावर लांब काटा, आईशी कसलंच साम्य नाही. इथे घाई करू नका. प्रत्येकाला जे दिसेल त्याचं चित्र काढायला लावा.

खारेपणा शाळेत मोजा. दोन्ही ठिकाणचं पाणी बाटल्यांत भरून न्या, प्रत्येकी 200 मिलिलिटर स्टीलच्या ताटलीत घालून उन्हात आटवा. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे ताटलीत सातेक ग्रॅम उरायला हवेत. सांगोल्याचं ऊन यासाठी माझ्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनइतकंच कामाचं.

होडी महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा परवाना असलेलीच घ्या. मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट आदल्या दिवशी स्वतः घालून-बांधून बघा. सगळी मुलं एका फेरीत कोंबू नका. काठावर थांबलेल्यांना कंटाळा येणार. त्यांच्यासाठी खुणा केलेला बांबू पाण्यात रोवा आणि दर दहा मिनिटांनी पाणी किती चढलं ते लिहायला सांगा. शेवटी तो आलेख सगळ्यांनाच लागेल.

प्रश्न : मुलांना शंख-शिंपले घरी आणू द्यावेत का?
— एक पालक, पुणे

उत्तर : मालवणचा समुद्र 1987 पासून अभयारण्य आहे, तेव्हा तिथे नकोच. प्रवाळाचा तुकडा तर कुठूनही नको, वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. दुसरीकडे शंख उचलला तर आधी पाण्याच्या ताटलीत ठेवून थोडा वेळ गप्प बसा. पुष्कळदा पाय बाहेर येतात : रिकाम्या शंखात बिऱ्हाड केलेला खेकडा असतो. मुलांना ते बघू द्या, फोटो घ्या आणि जिथला तिथे ठेवा.