मेथॉडिकली, पण नेमकं कुठे?

नागपूर

प्रिय बेटा,

अर्जाचा मसुदा वाचला. मेहनत दिसते, पण 'मेथॉडिकली' (methodically, म्हणजे पद्धतशीरपणे) जागोजागी पेरलंय आणि बहुतेक ठिकाणी ते चुकीच्या जागी पडलंय.

'आय चेक्ड मेथॉडिकली द बिल्स' हे इंग्रजीत चालत नाही. मराठीत 'मी पद्धतशीर बिलं तपासली' म्हण किंवा 'बिलं पद्धतशीर तपासली', काही बिघडत नाही. इंग्रजीत मात्र क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये असा शब्द घुसवत नाहीत. 'आय चेक्ड द बिल्स मेथॉडिकली' असं लिही. आणि 'आय ॲम मेथॉडिकली' तर आधी खोडून टाक, तिथे 'मेथॉडिकल' हवं.

आता मुख्य गोष्ट. ज्या कामात टप्पे आहेत, त्याच कामाला हा शब्द शोभतो: शोधणं, मोजणं, क्रमाने लावणं, पडताळणं. 'मेथॉडिकली न्यू' (knew) असं कोणी म्हणत नाही, कारण माहीत असण्याला टप्पे नसतात. तुझ्याकडे टप्प्यांचं काम आहे ना! संत्र्याच्या हंगामात तू कळमना मार्केटला अडतीवर बसत होतास, प्रत्येक वजनाची चिठ्ठी विक्रीच्या बिलाशी ताडून पाहत होतास. मग तेच लिही: 'आय मेथॉडिकली चेक्ड एव्हरी वेट स्लिप अगेन्स्ट द सेल बिल.' इथे शब्द क्रियापदाच्या आधी घेतला, कारण पुढचा मजकूर लांबलचक आहे. शेवटी टाकला असता तर 'चेक्ड'पासून फार दूर गेला असता. अर्जात एवढं एकच वाक्य ठेव, बाकीची 'मेथॉडिकली' काढ. काय तपासलं आणि कशाशी, हे वाचणाऱ्याला दिसलं की तुझ्या शिस्तीवर त्याचा विश्वास बसतो. नुसत्या अशा शब्दांवर बसत नाही.

'सिस्टिमॅटिकली' बदली म्हणून वापरताना जरा जपून. ठरवून, सातत्याने केलेल्या अन्यायासाठीही तो शब्द सर्रास येतो, म्हणून शेजारचं क्रियापद बघून घे. 'ऑर्डरली' (शिस्तशीर) घ्यायचं म्हटलं तर ते शेवटी 'ली' असूनही विशेषणच आहे, तिथे 'इन ॲन ऑर्डरली मॅनर' लिहावं लागतं.

मुलाखतीत बोलताना जोर 'थॉ'वर दे. स्पेलिंगमध्ये शेवटी ए, एल, एल, वाय असले तरी तो 'ए' उच्चारात गळतो: मेथॉडिक्ली.

दुरुस्त मसुदा पाठव, मी त्याच दिवशी वाचतो.

अनेक आशीर्वाद,
तुझा सर