वाचकांचे प्रश्न : कॅम कितीचा बसवावा?

प्रश्न : माझी 2004 ची एस्टीम, 1.3 लिटर, 16 व्हॉल्व्ह, एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल देणारी). हेड उतरवलंच आहे, तर कॅमही (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलावा असं मनात आहे. ग्राइंडरवाल्याने दोन पर्याय दिले आहेत: 264 अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचे क्रँकचे अंश) आणि 110 अंश लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबमधलं, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्यांमधलं अंतर), किंवा 280 आणि 106. इसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) कंपनीचाच राहील. दापोली-चिपळूण रोजचं, अधूनमधून दाभोळची फेरीबोट आणि महिन्यातून एकदा कुंभार्ली घाटाने कराड. कोणता घेऊ?
(वाचक, दापोली)

उत्तर : 264 चा. 280 चा कॅम बसेल, गाडी चालूही होईल, पण तुमचा इसीएम त्याला सांभाळू शकणार नाही.

आधी ओव्हरलॅप मोजा, म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचे अंश. ड्युरेशनमधून लोब सेपरेशनची दुप्पट वजा करायची. पहिल्या कॅमचा ओव्हरलॅप 264 वजा 220 म्हणजे 44 अंश, दुसऱ्याचा 280 वजा 212 म्हणजे 68 अंश. गंमत अशी, की दोन्ही पुढे-मागे न सरकवता सरळ बसवले तर इनटेक बंद होण्यात फरक फक्त 4 अंशांचा पडतो (पिस्टन तळाला गेल्यानंतर 62 आणि 66 अंश). म्हणजे खालच्या आरपीएमचा पिकअप कॉम्प्रेशनपायी फारसा जाणार नाही. घात करतो तो ओव्हरलॅप.

या इंजिनात हवेचा अंदाज इनटेक मॅनिफोल्डमधल्या, मॅप सेन्सरने मोजलेल्या दाबावरून घेतला जातो. मूळ कॅमवर गरम इंजिनाचं आयडलिंग साधारण 30 ते 35 किलोपास्कलवर असतं. ओव्हरलॅप वाढला की जळका वायू मॅनिफोल्डमध्ये उलटा शिरतो आणि दाब 50 च्या पुढे जातो. इसीएमला वाटतं इंजिनावर लोड आला, म्हणून तो पेट्रोल वाढवतो. त्यात थोडी ताजी हवा न जळता थेट सायलेन्सरकडे निसटते. ऑक्सिजन सेन्सर तिला 'पेट्रोल कमी' समजतो आणि आणखी ओततो. परिणामी प्लग काळे, धुराला पेट्रोलचा वास आणि पीयूसीला नापास.

वरच्या आरपीएमला नेमकं उलट घडतं, आणि धोका तिथे जास्त आहे. थ्रॉटल पूर्ण उघडला की दोन्ही कॅमवर दाब 100 च्या आसपासच दिसतो; पण मोठा कॅम प्रत्यक्षात जास्त हवा भरतो आणि इसीएम मूळ कॅमच्याच हिशेबाने पेट्रोल देतो. मिश्रण पातळ होतं, नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टन जातो. म्हणून 264 च्या कॅमवरही वाइडबँड (एक्झॉस्टमधून मिश्रण मोजणारा सेन्सर) लावून तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (मिश्रणाचं प्रमाण; 1 म्हणजे नेमकं, 1 च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) पाहा. 0.86 ते 0.90 हवा. आकडा 14.7 च्या (हवा-पेट्रोलच्या वजनाच्या) पट्टीवर वाचू नका. ई20 (20 टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलला ती पट्टी लागू पडत नाही. 0.92 च्या वर गेला तर इसीएममधला पेट्रोलचा तक्ता दुरुस्त होईपर्यंत पूर्ण थ्रॉटल विसरा.

आता फेरीबोट. जेट्टीच्या उतारावरून अर्ध्या क्लचवर, हजार आरपीएमला गाडी सरकवायची असते. 68 अंशांचा कॅम तिथे धक्के देणार, बंद पडणार. शिवाय ब्रेक बूस्टर मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. घाटात गाडी गिअरमध्ये असेपर्यंत व्हॅक्यूम मिळतो. वळणावर क्लच दाबला की इंजिन आयडलिंगला येतं, तिथे 280 च्या कॅमचा व्हॅक्यूम कमी पडतो; दोन-तीनदा ब्रेक मारला की पेडल दगड होतं.

बसवताना दोन-तीन गोष्टी तपासल्याशिवाय हेड बंद करू नका. पिस्टनवर प्लॅस्टिसिन लावून, जुनी गॅस्केट ठेवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवा. माती कापून सगळ्यात पातळ जागा मोजा. इनटेकला किमान 2 मिमी आणि एक्झॉस्टला 2.5 मिमी हवं. पूर्ण लिफ्टला व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये एकूण किमान 1 मिमी फट शिल्लक राहिली पाहिजे. टॅपेटची फट कॅमसोबतच्या कार्डाप्रमाणे लावा. जुन्या रॉकरचे (लोबवर टेकून व्हॉल्व्ह दाबणाऱ्या हातांचे) पॅड घासलेले असतील तर नव्या लोबचा पहिल्याच दिवशी निकाल लागतो. पॅड मूळ गोलाई राखून घासून गुळगुळीत करून घ्या, लोबवर मॉलिब्डेनम पेस्ट लावा, आणि पहिल्यांदा चालू झाल्यावर 20 मिनिटं आयडलिंगवर न आणता 2000 ते 2500 आरपीएमला ठेवा.

प्रश्न : अ‍ॅडजस्टेबल पुली लावून 280 चा कॅम सौम्य करता येईल ना?
(वाचक, अलिबाग)

उत्तर : नाही. ही सोय दोन कॅमच्या इंजिनात आहे. एकाच कॅमवर इनटेक आणि एक्झॉस्टचे लोब एकाच दांड्यावर असल्याने लोब सेपरेशन ग्राइंडिंगलाच ठरतं. पुलीने आख्खा कॅम पुढे-मागे होतो, ओव्हरलॅप तेवढाच राहतो. पुढे सरकवला तर खालचा ओढा थोडा वाढेल, एवढंच. आणि पुलीवरचा 1 अंश म्हणजे क्रँकचे 2 अंश, हे विसरून भलतंच टायमिंग लागलेल्या गाड्या गॅरेजांत येतच असतात.

प्रश्न : रीग्राइंड केलेला (जुनाच घासून नवा आकार दिलेला) कॅम मे महिन्यात आणून ठेवला, पावसाळ्यात काम राहिलं. आता लोबवर तांबडे ठिपके आहेत. पॉलिश पेपर मारून बसवू का?
(वाचक, मालवण)

उत्तर : नखाला ठिपका लागत नसेल तर 1000 नंबरचा पेपर तेलात भिजवून हलका फिरवा. नख अडकलं तर नको. रीग्राइंडमध्ये कडक थर आधीच पातळ झालेला असतो. खड्डा घालवायला आणखी घासलंत तर मऊ बीड उघडं पडेल आणि लोब गोल होईल. परत ग्राइंडरवाल्याकडे द्या, हार्डनेस तपासून घ्या. पुढच्या वेळी खाऱ्या हवेत ठेवताना ग्रीस चोपडून, तेलकट कागदात गुंडाळून, तोंड बांधलेल्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा, आणि आडवा न ठेवता उभा ठेवा.